भातुकलीची चूल

भातुकली म्हणजे मोठ्यांच्या संसाराची इवलीशी प्रतिकृती. अशा प्रतिकृतींची हौस जगभर आढळते. इंग्लंडमधील विंडसरच्या किल्ल्यात राणी मेरीचे प्रसिद्ध बाहुलीघर आहे. नव्या दिल्लीची आखणी करणारे वास्तुविशारद एडविन लट्येन्स यांच्या योजनेप्रमाणे ते १९२१ ते १९२४ या काळात तयार झाले. त्यातील वस्तू खऱ्या वस्तूंच्या एक-बारांश मापाच्या आहेत. तेथील नळांना पाणी येते व विजेचे दिवेही लागतात. त्या घरासाठी शेकडो कुशल कारागीर राबले. आपल्याकडील भातुकलीला मात्र एखादी आजी आणि मूठभर माती एवढे पुरत असे.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात अशीच एक आजी राहत होती. तिच्या स्वयंपाकघरात मातीची चूल होती व चुलीला लागून वैल होते. चुलीतील जाळ आतल्या भोकातून वैलाखाली जाई. त्यामुळे चुलीवर भात शिजत असतानाच वैलावर आमटी गरम राही. एकाच सरपणात दोन कामे होत. आजी पन्नास वर्षे त्या चुलीपुढे बसली होती. पुढे घरात गॅसची शेगडी आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत चूल काढून त्या जागी ओटा बांधण्याचे ठरले. सुट्टीसाठी आलेल्या बारा वर्षांच्या नातीला हे कळले तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"आजी, ही चूल मोडू नकोस ना!" ती म्हणाली.

"अगं, माती ती. कधीतरी मोडायचीच," आजी म्हणाली. "तुला हवी तर हिच्यासारखी एक लहान चूल घालू आपण. जा, सुतळी घेऊन ये."

आजीने सुतळीने चुलीची लांबी मोजली. वैलासह ती चोवीस बोटे भरली. मग तिने त्या सुतळीची घडी घातली व तिची पुन्हा एक घडी घातली. चार पदर झाले. एकेक पदर सहा बोटांचा. "हे झाले आपले माप. सगळे चौथाई," ती म्हणाली. नातीने वहीत लिहून घेतले : उंची आठ बोटे, म्हणून दोन, भिंतीची जाडी चार बोटे, म्हणून एक, भांडे टेकण्यासाठी काठावर असलेले तीन उंचवटे दोन-दोन बोटे, म्हणून अर्धे-अर्धे बोट.

दुसऱ्या दिवशी जुनी चूल काढली. तिच्या काठाचा एक तुकडा आजीने बाजूला ठेवला आणि कुटून त्याची भुकटी केली. बांधावरच्या ओसाड वारुळाची चिकण माती, थोडे शेण, भाताचे तूस व ती भुकटी असे सारे एकत्र भिजवले. "नुसती माती वाळताना आकसते आणि तडकते. तूस तिला धरून ठेवते. भाजलेल्या मातीची भुकटी आकसत नाही, म्हणून तडेही कमी जातात," आजीने सांगितले. रात्रभर मुरलेला तो चिखल नातीने लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळला. चूल तयार झाली. ती उन्हात न ठेवता पडवीच्या सावलीत ठेवली, कारण उन्हात वरची माती लवकर सुकते आणि आतली ओलीच राहते. आठ दिवसांनी तिच्यावर शेणमातीचा पातळ हात फिरला. चूल जुन्या चुलीची हुबेहूब लेक दिसू लागली.

अंगणात चूल मांडली गेली. जवळ पाण्याची बादली ठेवून आजी शेजारी बसली. नातीने बोळक्यात चिमूटभर तांदूळ व पाणी घालून ते चुलीवर ठेवले आणि काड्या पेटवल्या. क्षणभर ज्वाळा दिसली व विझली. धूर पुढच्या तोंडातून बाहेर आला. तिने पुन्हा पेटवले, फुंकर घातली, पुन्हा तेच. मुलगी हिरमुसली. "सगळे मापाप्रमाणे केले, तरी असे का?"

आजीने बोळके उचलून त्याखालची फट दाखवली. ती जेमतेम अर्ध्या बोटाची होती. "लाकडे लहान केलीस, भांडे लहान केलेस, पण वारा कुठे लहान होतो? त्याला यायला-जायला वाट नको का?"

नातीने जुन्या चुलीच्या त्या तीन उंचवट्यांकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. भांडे डगमगू नये यासाठीच ते असतात, असे तिला वाटे. त्यांच्यामधल्या फटींतून धूर बाहेर पडतो आणि म्हणूनच पुढच्या तोंडातून ताजी हवा आत येते, हे तिला आज उमगले. आजीने ओली माती थापून उंचवटे बोटभर उंच केले. ते वाळू दिल्यावर पुन्हा काड्या पेटवल्या. या वेळी जाळ भांड्याच्या बुडाला बिलगला. एक जीभ वैलाकडेही सरकली. बोळक्यात पाणी खदखदू लागले आणि मुलीने आनंदाने टाळ्या पिटल्या.

इतक्यात वाऱ्याची दिशा बदलली. धूर तिच्या तोंडावर आला. ती खोकू लागली व डोळे चोळू लागली.

आजीने तिला मागे ओढले. ती शांतपणे म्हणाली, "पोरी, एवढ्याशा चुलीचा हा धूर. मी मोठ्या चुलीचा धूर पन्नास वर्षे डोळ्यांत घेतला आहे."

मुलगी गप्प झाली. लाकडाच्या धुराने फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे विकार जडतात, हे तिने पुस्तकात वाचले होते. गरीब घरांतील स्त्रियांना गॅसची जोडणी मिळावी म्हणून १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली, हेही तिला ठाऊक होते. पण त्या ओळींचा आपल्या आजीच्या लाल डोळ्यांशी काही संबंध आहे, हे आजवर तिच्या मनात आले नव्हते. चूल मोडली तेव्हा ती रडली होती. आजी का रडली नाही, हे तिला आता कळले.

भात शिजला. आजीने पन्नास वर्षांच्या सवयीने पहिली दोन शिते अग्नीला वाहिली. उरलेला घासभर भात दोघींनी वाटून खाल्ला. तो तळाशी करपला होता. वर थोडा कच्चाही होता.

सुट्टी संपली. जाताना नातीने ती चूल कापडात गुंडाळून बरोबर नेली. वहीत लिहिलेल्या 'अर्धे बोट' या शब्दांवर तिने रेघ मारली आणि पुढे लिहिले, 'एक बोट. वाऱ्यासाठी.'