जुने खांब

आमच्या मोहल्ल्यातील मशीद गेल्या वर्षी उतरवली. कौले गळत होती, वाशांना वाळवी लागली होती आणि जुम्याला निम्म्या नमाजींना रस्त्यावर सफ लावावी लागे. त्यामुळे पाडण्याला कोणाची हरकत नव्हती. वाद पेटला तो नंतर. अंगणात रचून ठेवलेले बारा सागवानी खांब उचलायला कंत्राटदाराचा टेम्पो आला आणि अब्बा टेम्पोसमोर खुर्ची टाकून बसले.

जमातीत दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणत, सिमेंटच्या इमारतीत लाकडाचे काय काम? जुनी मंडळी म्हणत, सिमेंटची मशीद म्हणजे ऑफिस, तिथे दिल कसा लागणार? आम्ही दोघे नवराबायको मास्तरकी करणारे, त्यामुळे दोन्ही बाजू आम्हालाच विचारत. आम्हाला मात्र दादरचे पोर्तुगीज चर्च आठवत होते. बी.एड.च्या वर्षी त्या थांब्यावरून रोज बस जायची आणि खिडकीतून काँक्रीटचे ते निमुळते घुमट दिसायचे. आत कधी गेलो नव्हतो.

एका दुपारी अब्बांना घेऊन कल्याणहून फास्ट लोकल पकडली. दादर पश्चिमेला उतरून गोखले रोडपर्यंत चालत गेलो, तेही अब्बांच्या चालीने. या जागेवर पहिले चर्च १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बांधले. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते १९७७ या काळातली. (नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक तेच. बेलापूरला त्यांनी आखलेली घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.) परवानगी घेऊन आत गेलो. काँक्रीटची कवचे वर निमुळती होत जातात, त्यांच्या माथ्यावरून उजेड उतरतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. मधूनमधून उघडे चौक आहेत. माथ्याच्या काचेवरचे रंगकाम मकबूल फिदा हुसेन यांचे. पंढरपुरात जन्मलेला मुसलमान चित्रकार, गोव्याच्या घराण्यातला वास्तुकार आणि दादरची वस्ती, असा सगळा मेळ.

अब्बांची उमर भिवंडीत लूमवर, पत्र्याखाली गेली. ते बराच वेळ वर पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या शेठला एवढं सुचलं असतं तर!" परतताना ठाणे येईपर्यंत गप्प होते. मग एकच प्रश्न विचारला, "नवं छान आहे. पण जुन्याचं काय केलं?"

दादरच्या बाबतीत आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते. पण अशाच प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे मिळालेले आम्ही वाचले होते, ते त्या रात्री जेवणानंतर त्यांना सांगितले. फ्रान्सच्या पूर्व भागात रोंशां नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर जुने प्रार्थनास्थळ होते, तिथे यात्रेला लोक येत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, टेकडीवर लढाई झाली आणि ते उद्ध्वस्त झाले. नवे बांधण्याचे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. आपले चंडीगड आखणारे तेच. ते स्वतः धार्मिक नव्हते, आणि आधी त्यांनी नकारच दिला होता. मग टेकडीवर गेले, चारी दिशांना पाहिले आणि तयार झाले. १९५५ मध्ये ते खुले झाले. खेकड्याच्या कवचावरून सुचलेले फुगीर काँक्रीटचे छत, जाड पांढऱ्या भिंती, त्यांत लहानमोठ्या खिडक्या आणि रंगीत काचा. छत भिंतीवर टेकलेलेच नाही. मध्ये बारीक फट ठेवली आहे आणि तिच्यातून उजेडाची रेघ आत येते. छतावरचे पावसाचे पाणी एका पन्हाळीतून खाली हौदात पडते.

"दगडाचं सांग," अब्बा म्हणाले.

दगडाची गोष्ट अशी. पडलेल्या इमारतीचे दगड टेकडीवरच होते. छताचा भार भिंतीत लपवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर सोपवला आणि त्या खांबांमधल्या जागेत जुने दगड भरले. वरून चुन्याचा गिलावा. बाहेरून कळतही नाही की आत जुनी भिंत आहे. उरलेल्या दगडांचा एक पायऱ्यांचा ढीग आवारात रचला, त्या टेकडीसाठी लढताना मेलेल्या सैनिकांच्या आठवणीत. जुनी मूर्तीही वाचली होती, ती पूर्वेच्या भिंतीत बसवली, आणि यात्रेला गर्दी झाली की तिचे तोंड बाहेर मैदानाकडे वळवता येते. अब्बांना मूर्तीशी कर्तव्य नव्हते. ते दगडांवर खूश झाले.

रविवारच्या बैठकीत इंजिनियर म्हणाले, हे खांब भार घेणार नाहीत, आम्ही सही करणार नाही. अब्बा उठले. "भार तुमच्या सळयांनी घ्यावा. हे फक्त उभे राहतील." कोणी हसले, कोणी नाही. आम्ही रोंशांचे दगड सांगितले. चर्चचा दाखला मशिदीच्या बैठकीत, म्हणून एकाने भुवया उंचावल्या. पण मुतवल्लींनी नकाशा पुन्हा उलगडला.

चार खांब आतून पोकळ निघाले, ते गेले. वजूखान्यापुढच्या ओसरीत आठ खांबांची जागा आखली आहे. ती नक्की राहील असे कोणी लिहून दिलेले नाही. तोवर ते आठ खांब आमच्या जिन्याखाली प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले आहेत. असर झाली की अब्बा प्लास्टिक सोडून त्यांना अळशीचे तेल लावतात आणि येणारे-जाणारे पाहुणे तेलाच्या वासाने नाक मुरडतात.