रंग जात नाही ना?

पाण्याखाली जावे की जाऊ नये, हा प्रश्न आमच्या घरी पाच मिनिटांत निकालात निघाला. कोणत्या रंगात जावे, याला मात्र तीन आठवडे लागले.

आम्ही राहतो बोर्डीला. हे हिचे माहेर. निवृत्तीनंतर मुंबई सोडून मी इथे जरा उशिराने घरजावई म्हणून दाखल झालो. बोर्डीला समुद्र आहे, पण तो कचेरीतल्या साहेबासारखा. आहेत म्हणतात, जागेवर सापडत नाहीत. ओहोटीच्या वेळी सुरूच्या बनातून निघून पाण्याकडे चालू लागावे, तर खाल्लेले चिकू पचतात, पण पाणी काही येत नाही. आलेच तर घोट्याएवढे, आणि रंगाने थेट आमच्या घरच्या चहासारखे. या समुद्रात बुडी मारायची तर आधी खड्डा खणावा लागेल. म्हणून पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, मालवणला स्कूबा करू या," तेव्हा बोर्डीची अब्रू राखण्यासाठी मी हो म्हटले. डॉक्टरांनी कान आणि छाती तपासून, थोडेसे हसून, परवानगी दिली.

टाकी, श्वासाची नळी, काळा रबरी पोशाख हे सगळे तिथेच मिळते. हवेची टाकी पाठीवर बांधून माशासारखे हिंडायची ही सोय १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी केली. मात्र पोशाखावरून घालायला लांब बाह्यांचा एक तंग सदरा आपला आपण न्यावा, असे पुतण्याचे मत पडले. त्याला रॅशगार्ड म्हणतात. तो घ्यायला आम्ही तिघे मुंबईच्या एका दुकानात गेलो.

मी काळा उचलला. वयाला शोभणारा, पोट लपवणारा. ही म्हणाली, "आधीच आतला पोशाख काळा, त्यावर हा. कावळ्यासारखे दिसाल." मग तडजोड म्हणून मी मरून घेतला. तो हिलाही पसंत पडला. लगेच हिने दुकानदाराला तो प्रश्न विचारला, जो गेली पस्तीस वर्षे मी साड्यांच्या दुकानांत ऐकत आलो आहे.

"रंग जात नाही ना?"

दुकानदाराच्या आधी पुतण्याच बोलला. "काकू, कापडाचा जात नाही. पण पाण्यात उतरलं की जातो."

ही मरून सदऱ्याकडे संशयाने पाहू लागली. मग पुतण्याने समजावले. पाणी उजेड गिळते, पण सगळे रंग सारखे गिळत नाही. आधी लाल. पाचेक मीटर खाली गेले की लाल फिका पडायला लागतो, आणखी खाली तो काळपट दिसतो. मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यांत शेवटी. वर काढले की लाल पुन्हा लालच. बॅटरी जवळ धरली तर खालीही लाल दिसतो.

एवढे झाल्यावर मला गप्प बसवेना. समुद्राचा निळा रंग म्हणजे नुसते आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे १९२१ साली बोटीने मायदेशी परतताना रामन यांनी ताडले होते, असे मी सांगितले. ही म्हणाली, "त्यांना सदरा घ्यायचा नव्हता."

"मग खाली दिसतं तरी काय?" हिने पुतण्याला विचारले. त्याने एक झगझगीत लिंबूपोपटी सदरा काढला. हा रंग निळा उजेड पितो आणि पिवळाहिरवा परत करतो, म्हणून खालीही पेटल्यासारखा दिसतो. तो पाहून मला लग्नातल्या बँडवाल्याची आठवण झाली. मी निक्षून नाही म्हणालो.

ही थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचा बाळ्या सहा वर्षांचा होता. बोर्डीच्या किनाऱ्यावर खेळत होता. खाकी चड्डी आणि अंगभर चिखल. ओल्या वाळूचा रंग आणि त्याचा रंग एक. भरती लागली. आपला किनारा सपाट, पाणी कुठून मागून येतं कळतसुद्धा नाही. अप्पा हाका मारत होते. पोरगं समोर असेल, नसेल, काही दिसेना. शेवटी लांबून एक लाल लुगडं येताना दिसलं. कोळीण होती. तिच्या बोटाला धरून बाळ्या. तेव्हापासून आईनं आम्हाला लाल कपड्याशिवाय किनाऱ्यावर पाठवलं नाही."

पस्तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

"खाली लाल चालत नसेल तर नको," ही म्हणाली. "कसे दिसता ते राहू दे. दिसला पाहिजेत."

दुकानदाराने लिंबूपोपटी सदऱ्याची घडी घातली.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ आम्हाला उतरवले. पाणी हिरवट होते. माझा हात धरणाऱ्या मुलाच्या पोशाखावर एक लाल पट्टा होता. खाली जाता जाता तो जुन्या विटेसारखा झाला. माझे पोट मात्र कंदिलासारखे उजळले होते. एक-दोन मासे येऊन पाहूनही गेले.

वर आलो तर प्रवाहाने आम्ही थोडे सरकलो होतो. बोटी तीन-चार, सगळ्या सारख्या. पाण्यावर डोकी सात-आठ, सगळी काळी. माझा चष्मा बोटीत. समोर नुसती धूसर चित्रे. तेवढ्यात एका बोटीवर एक लाल ठिपका जोरजोरात हलू लागला आणि त्यातून आवाज आला, "अहो! इकडे!"

बोटीत चढून चष्मा लावला. हिने लालभडक साडी नेसली होती. सकाळी निघताना माझ्या लक्षातच आले नव्हते.

"ही कशाला? पाण्यात लाल जातो म्हणून कळलं होतं ना?"

"मी वर होते," ही म्हणाली आणि टॉवेल पुढे केला. "वर चालतो."

आता बोर्डीच्या किनाऱ्यावर मी रोज संध्याकाळी तो सदरा घालून फिरायला जातो. पोरे हसतात. मी ओहोटीच्या मागे बराच लांब जातो. सुरूच्या बनातून कुणीतरी पाहत असते.