पाण्याची किंमत कोणी मोजायची?

पाण्याच्या धोरणावर जगभरातले तज्ज्ञ जवळपास पन्नास वर्षे बोलत आहेत. १९७७ साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहरात संयुक्त राष्ट्रांची जल परिषद झाली. तशी दुसरी परिषद न्यूयॉर्कमध्ये भरायला २०२३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात इतर बैठका आणि ठराव पुष्कळ झाले. मी या विषयातला जाणकार नव्हे, दोन भाषा शिकवणारा शिक्षक आहे. त्यामुळे ठराव वाचताना माझे लक्ष शब्दांकडे जाते. या सगळ्या चर्चेत दोन शब्द एकमेकांसमोर उभे असलेले दिसतात: 'वस्तू' आणि 'हक्क'.

जानेवारी १९९२ मध्ये डब्लिनला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी चार तत्त्वे मांडली. चौथे तत्त्व असे की पाण्याला आर्थिक मोल आहे, ते आर्थिक वस्तू मानावे. त्यामागचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. जे फुकट मिळते ते माणूस उधळतो. त्याच तत्त्वाच्या खुलाशात असेही म्हटले होते की परवडणाऱ्या दरात स्वच्छ पाणी मिळण्याचा प्रत्येक माणसाचा हक्क आधी मानला पाहिजे. पण व्यवहारात 'वस्तू' लक्षात राहिली आणि 'आधी' मागे पडले. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, दर वाढले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला तो करार मोडावा लागला. पुढे त्याच बोलिव्हियाने पुढाकार घेतला आणि २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. बाजूने १२२ मते पडली, त्यात भारताचेही होते. विरोधात एकही नव्हते, पण ४१ देश तटस्थ राहिले.

'हक्क' हा शब्द अरबीतून आला आणि मराठीत घरचा झाला. 'शरिया' हा शब्दही मुळात पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेशी जोडलेला आहे. इस्लामी कायद्याने पाण्याचे दोन हक्क वेगळे केले. शेतीला पाणी देण्याचा हक्क तो 'शुर्ब' आणि तहान भागवण्याचा हक्क तो 'शफह'. शफह म्हणजे ओठ. ओठांचा हक्क शेताच्या आधी येतो, आणि त्यात जनावरांचे ओठही मोजले जातात.

मदिनेतल्या रूमा विहिरीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. विहिरीचा मालक पाणी विकत असे आणि गरिबांचे हाल होत. पैगंबरांनी (स.) आवाहन केले तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेतली आणि सर्वांसाठी वक्फ केली. ही गोष्ट आपण दानशूरपणाची म्हणून सांगतो. मला तिच्यात धोरण दिसते. पाण्याला किंमत नव्हती असे नाही. ती पुरेपूर मोजली गेली, पण तहानलेल्याने नव्हे, ज्याच्याकडे होते त्याने मोजली. 'वस्तू की हक्क' या वादात हाच प्रश्न राहून जातो.

डिसेंबर १९९८ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरात इस्लामी देशांतल्या जलव्यवस्थापनावर तज्ज्ञांची कार्यशाळा झाली. पाण्याचे दर, काटकसर, सांडपाण्याचा पुनर्वापर हे विषय तिथे धर्माच्या चौकटीत तपासले गेले. त्याच्या वीस वर्षे आधी, १९७८ मध्ये, सौदी उलेमांनी फतवा दिला होता की नीट शुद्ध केलेले सांडपाणी वुजूसाठीही चालेल. आलिम आणि अभियंता एका टेबलावर बसू शकतात, हे यातून दिसते.

आपल्या राज्यात २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. जलवापराचे हक्क ठरवणे, दर ठरवणे ही जागतिक चर्चेतली भाषा त्यात उतरली. पण टंचाईच्या गावात खरा दर टँकर ठरवतो. डब्लिनचे तिसरे तत्त्व म्हणते की पाण्याच्या व्यवस्थेत बायकांचा वाटा मध्यवर्ती आहे. माझ्या हजेरीपटावर ते एप्रिलमध्ये दिसते. टँकर यायचा त्या दिवशी गैरहजर असतात त्या बहुतेक मुली. मुलाला हंडा घेऊन थांबायला सहसा कुणी सांगत नाही. त्या घराने पैसे दिलेले असतातच, वर मुलीचा शाळेचा दिवसही दिलेला असतो. २०२२ मध्ये जगात सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याच्या पाण्याची सोय नव्हती. त्यांनी असे किती दिवस दिले असतील, हे कुठल्या दरपत्रकात येत नाही.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. पैगंबर (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वुजू करत. आपण मशिदीतला नळ सोडून गप्पा मारतो. ज्या मशिदीच्या बोअरला पाणी आहे तिने उन्हाळ्यात एक नळ रस्त्याच्या बाजूला काढावा, कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्यासाठी. आपण तिला सबील म्हणतो, शेजारी पाणपोई म्हणतात. तिथे पिणाऱ्याला कुणी पैसे मागत नाही आणि माठ भरणाऱ्याचा खर्च गाव वाटून घेते. मोठ्या परिषदांतल्या तज्ज्ञांनी दर ठरवताना एवढा हिशेब जरी समोर ठेवला, तरी पुष्कळ झाले.