अर्धी वाटी तांदूळ

पुणे पाहायला येणारी मंडळी शनिवारवाडा पाहतात, पर्वती चढतात आणि बाकरवडीचे पुडे बांधून घेऊन आपापल्या गावी परततात. या पुण्याच्या पोटात आणखी एक पुणे आहे. ते पाहायचे असेल, तर रविवारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर सदाशिव पेठेतून किंवा नारायण पेठेतून पायी हिंडावे. पेठांतल्या बहुतेक खाणावळी त्या वेळी बंद असतात आणि निरनिराळ्या जिन्यांवरून फोडणीचा वास खाली उतरू लागतो. संसारी घरातल्या फोडणीसारखा हा वास ठसक्यात येत नाही. तो जरा बिचकतच येतो. कारण खोली देतानाच मालकांनी बजावलेले असते, 'खोलीत स्वयंपाक चालणार नाही.' ही विद्यार्थ्यांची फोडणी!

२००१ साली एम. ए. करण्यासाठी मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून या पेठांत येऊन पडलो. त्याआधी साताऱ्यात शिकताना माझा डबा गावाहून एस. टी.ने येत असे. आई पहाटे भाकऱ्या थापायची, वडील डबा कंडक्टरच्या हवाली करायचे आणि मी स्टँडवर उभा राहून तो उतरवून घ्यायचा. आमच्या भागातल्या कित्येक मुलांची शिक्षणे त्या लाल गाडीच्या टपावर आणि ड्रायव्हरच्या सीटमागे झाली आहेत. पण सातारा-पुणे अंतर शंभराहून अधिक किलोमीटरचे. रोजचा डबा काही एवढा प्रवास करीना. दोन्ही वेळच्या खाणावळीला पैसे पुरत नव्हते. तेव्हा एक वातीचा स्टोव्ह, एक पातेले, एक तवा आणि एक काटवट एवढा संसार मी मांडला.

पुण्यात एकट्या विद्यार्थ्याच्या पोटाचा प्रश्न तसा फार जुना. पूर्वी गरीब मुले झोळी घेऊन माधुकरी मागत, नाहीतर वार लावून जेवत. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. आठवड्याला सात घरे जुळली की विद्या सुरू! अर्थात ही सोय ब्राह्मणाच्या मुलापुरतीच होती. बाकीच्यांच्या मुलांसाठी कोणाचेही वार राखलेले नव्हते. ती उणीव ओळखून कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास हात दिला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग काढले. तिथल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले आणि १९५५ साली खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती. या सगळ्या थोर माणसांनी मुलांच्या जेवणाचा विचार केला, तो पंगतीचा. एकट्याने रांधून एकट्याने खावे, असे त्यांच्यापैकी कोणी सुचविले नाही. त्यातले शहाणपण मला स्टोव्हपुढे बसल्यावर कळू लागले.

आपले स्वयंपाकशास्त्र मुळी कुटुंबासाठी रचलेले आहे. चार माणसांच्या कृतीला चाराने भागले की एकाची कृती मिळते, असे गणित सांगते. पातेल्याला हे गणित मान्य नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालणारी गृहिणी अर्ध्या वाटीला एक वाटी घालील, तर भात टरटरीत राहील. पातेले तेच, आच तीच, तेव्हा वाफ होऊन जाणारे पाणी काही निम्मे होत नाही. अर्ध्या वाटीला थोडे चढेच पाणी लागते. फोडणीचेही तसेच. चमचाभर तेल कढईच्या तळावर पसरून जाते, मोहरी तडतडण्याऐवजी करपते आणि हिंग नुसताच जळतो. त्यासाठी तुळशीबागेत जाऊन एक लोखंडी कढले आणावे लागले. त्या बागेत भातुकलीची भांडी मिळतात आणि लग्नाच्या रुखवताचीही मिळतात. मधल्या मापाचे, एका माणसाचे भांडे शोधायला मात्र मला तीन दुकाने पालथी घालावी लागली.

मंडईत हीच कथा. फ्लॉवरचा गड्डा अर्धा कापून मिळत नाही. कोथिंबिरीची जुडी घेतली, तर पहिल्या दिवशी हिरवीगार, दुसऱ्या दिवशी मलूल आणि चौथ्या दिवशी काळी. नारळ फोडावा, तर अर्धी कवड खोलीत कुठे ठेवायची? शेवटी आमच्या जिन्यावरच्या तीन खोल्यांनी करार केला. जुडी एक, वाटण्या तीन. लसणीची चटणी माझी, मेतकूट कोकणातल्या मुलाचे आणि नागपूरकडच्या गड्याचे तिखट. अशी आमची छोटीशी पंगत आपोआप जमली.

या उद्योगात मला भाकरीची थोरवी उमगली. पोळीची कणीक भिजवायची, मुरवायची, तिंबायची. तीन पोळ्यांसाठी एवढा सोहळा परवडत नाही. भाकरीचे पीठ मात्र एकेका भाकरीपुरतेच मळतात. एक हवी, तर एक करा. जोडीला पिठले, म्हणजे दहा मिनिटांत पान तयार.

पण खरी अडचण भांड्यांची नव्हती आणि मापांचीही नव्हती. दिवसभर ग्रंथालयात बसून रात्री खोलीवर आले, की मनात एक बारीक आवाज उठे, 'एकट्यासाठी कशाला एवढा खटाटोप?' मग चुरमुरे, चहा आणि बिस्किटे. आठवड्यातून एकदा हे खपते. रोज खपू लागले, की पोरगा वर्गात पेंगू लागतो. आता शिक्षक म्हणून बाकांकडे पाहताना, कोण उपाशी आले आहे, ते मला हजेरी घेतानाच समजते. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि खाणावळी मिटल्या, तेव्हा पेठांत अडकलेल्या माझ्या काही विद्यार्थ्यांचे फोन आले. कविता, कादंबरी सगळे बाजूला ठेवून मी त्यांना अर्ध्या वाटीच्या खिचडीचे पाणी शिकवीत बसलो होतो. त्या वर्षी याहून उपयोगी असे मी काही शिकविल्याचे आठवत नाही.

तो बारीक आवाज कोणाचा, हे मला फार पूर्वी एका सुट्टीत कळले होते. वडील लग्नकार्याला परगावी गेले होते आणि मी न कळविता घरी पोचलो. आई चुलीजवळ उभ्यानेच शिळ्या भाकरीचा तुकडा ताकात बुडवून खात होती. "अगं, हे काय?" म्हटले, तर म्हणाली, "मला एकटीला काय करायचंय रं?" हे वाक्य महाराष्ट्रातल्या घराघरांत बोलले जाते. बोलणाऱ्या बहुधा बायका असतात आणि ते ऐकून कोणाचाच घास अडत नाही. घरासाठी जन्मभर रांधणाऱ्या बाईला स्वतःपुरते रांधणे ही उधळपट्टी वाटते. आम्ही पोरे दोन वर्षांत ज्याला कंटाळलो, ते तिने किती वर्षे केले असेल?

वडील गेल्यापासून आई गावी एकटीच असते. पुण्याला ये म्हटले, तर येत नाही. तिच्या परसात वांगी आहेत, दारात गाय आहे. मागच्या खेपेस जाताना मी तिच्यासाठी लहानसा कुकर आणि तुळशीबागेतले कढले नेले. 'भातुकली आणलीस व्हय?' म्हणून ती हसली. रोज रात्री आठला मी फोन करतो आणि तब्येत विचारण्याआधी काय रांधले ते विचारतो. मलाही ते सांगावे लागते, त्यामुळे माझेही जेवण टळत नाही. परवा ती म्हणाली, "आज भरलं वांगं केलं बघ. दोनच वांगी. पर मसाला सगळा घातला."