दोन तास

आज बाबांचा चौथा डोस. वय 78. मूत्राशयाच्या कर्करोगाची गाठ दुर्बिणीतून काढून झाली. आता सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, नळीने मूत्राशयात बीसीजी सोडतात. क्षयाची तीच लस, जिचा व्रण माझ्या दंडावर आहे! 1970 च्या दशकापासून ती या कर्करोगावर वापरात आहे. औषध दोन तास आत धरून ठेवायचं. उतारवयात तेच अवघड. बाबा घड्याळाकडे बघत माझं मनगट घट्ट धरून बसतात. ‘या वयात कशाला?’ असं नातेवाईक म्हणाले. मला ते मुळीच पटलं नाही. तब्येत बघावी, बाबांना विचारावं. नुसतं वय काय मोजायचं? पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा दुखलं नाही, म्हणून बाबा चार महिने गप्प राहिले. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, लघवीत कधी रक्त दिसलं का. एकदाच रक्त दिसलं असलं, तरी डॉक्टरांना दाखवा.