गाभण हरणी

फाशात सापडलेली हरणी गाभण निघाली, तर फासेपारधी तिला सोडून देत. पाडसालाही सोडत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी हे नोंदवून ठेवलंय. वाचल्यापासून ते मनातून जात नाही. ज्याच्या पालावरची चूल त्या फाशावर पेटायची, त्याने हाती आलेली हरणी सोडायची म्हणजे काय, हे भरल्या पोटी कळणं अवघड आहे.

हे पारधी फिरत त्या बारामती-इंदापूरचं नाव काढलं की लोकांना ऊस आठवतो. मला सुप्याचा, शिर्सुफळचा, कडबनवाडीचा माळ आठवतो. कुसळी गवत, मधूनच एखादा हिवर, तरवडाची पिवळी फुलं. दाट झाडी इथे शोधू नये, हे गवताचं रान आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, तितर यांना असंच उघडं रान लागतं.

एका म्हाताऱ्या पारध्याने मला फास उलगडून दाखवला होता. लांब दोरी, तिला ओळीने बांधलेल्या काड्या आणि काडीकाडीला घोड्याच्या शेपटीच्या केसांचं सरकतं वेटोळं. तितरासाठीचा फास. त्याने एक वेटोळं माझ्या मनगटात अडकवलं. मी हात ओढला, ते आवळलं. ‘‘वढू नगा, मागं घ्या,’’ तो म्हणाला. हात मागे नेला तसा केस आपसूक सैल पडला. कातडीवर पुसटशी रेघ, बाकी काही नाही. सोडून देण्याचा रिवाज कशाच्या जोरावर टिकला, ते मला तेव्हा उमगलं. फाशातला जीव जिवंत असतो. त्याला ठेवायचं की सोडायचं, हे पारध्याला जवळ जाऊन, बघून ठरवता येतं. बंदुकीच्या गोळीला ती सोय नाही.

गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. इंदापूरजवळ वडापुरीला तळ असलेले तिरुमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीमागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर धरत. पाण्यातली कासवं, खेकडेही त्यांचे. काळवीट आणि पाखरं फासेपारध्यांची. एकाच माळावर तिघे, पण एकाचा घास दुसऱ्याने उचलायचा नाही. नंदीवाल्यांत तर कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावांत फिरायचं हेही ठरलेलं असे. पुढच्या साली पुन्हा त्याच शिवारात यायचं असलं की माणूस हात राखूनच घेतो.

पुढे कालव्याचं पाणी आलं, माळ नांगरले गेले. इंग्रजांनी कायदा करून पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली उठला, लोकांच्या नजरेतला शिक्का राहिला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच झालं, पण ज्यांची विद्याच बंद झाली त्यांच्या हाताला दुसरं काय दिलं? उरलेल्या गवताला आपण पडीक म्हणतो आणि खड्डे खणून त्यात झाडं लावतो. याची मला चीड येते. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. चिंकारा तेवढ्यात मावत नाही, त्याला भोवतालचा माळही लागतो.

आता कडबनवाडी आणि शिर्सुफळला वन विभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. चांगली गोष्ट आहे, जरूर जा. वन विभागाला मात्र एक सांगणं आहे. वाटाड्यांची पुढची निवड करताना आधी पारध्यांच्या वस्तीवर जा.