मेंढा तोफ आणि क्षेपणास्त्राचे पंख

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलात, की साधारण १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला लागतो. दौलताबाद म्हणतात तो हाच. चाँद मिनार मागे टाकून चिनी महालापर्यंत चढून जा. जवळच्या बुरुजावर एक भलीमोठी तोफ दिसेल. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, म्हणून ती मेंढा तोफ. तिचं फारसी नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी!

आता एक कोडं. तोफेचा गोळा गोल, मग क्षेपणास्त्र लांबट का? आणि त्याला शेपटीकडे पंख कशाला?

लांबट, टोकदार आकाराला हवेचा अडथळा कमी होतो आणि आत इंधनही मावतं. पण गोळा कसाही फिरला तरी गोलच. लांबट वस्तू मात्र जरा तिरकी झाली, की हवा तिला ढकलते आणि ती कोलांट्या खाऊ लागते. यावर उपाय पंखांचा. वस्तू जिथे तोलली जाते तो तिचा गुरुत्वमध्य. हवेचा जोर जिथे एकवटतो तो दाबमध्य. दाबमध्य मागे असला, तर नाक भरकटताच वारा शेपटीला ढकलून ते पुन्हा सरळ करतो. बाणाला पिसं लावत, ती याचसाठी. दिवाळीतल्या रॉकेटची लांब काडीही हेच काम करते. काडी मोडलेलं रॉकेट कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. ते मुळीच पेटवू नका हं!

मग खऱ्या क्षेपणास्त्राचं काय? त्याची आधी वातबोगद्यात परीक्षा होते. छोटी प्रतिकृती दांड्यावर पक्की बसवतात आणि तिच्यावरून वेगवान हवा सोडतात. नाक थोडं थोडं तिरकं करून दर वेळी हवेचा जोर मोजतात. बंगळूरच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेत १९६७ पासून असा मोठा बोगदा आहे. त्यात हवेचा वेग ध्वनीच्या चौपट होऊ शकतो. हैदराबादला डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या बोगद्यात तर ध्वनीच्या ५ ते १२ पट!

तुमचा बोगदा मात्र फुकट आहे. खराट्याची सरळ काडी घ्या. पुढे मातीची गोळी, मागे कागदाचे चार पंख. जिथे काडी तोलली जाते तिथे दोरा बांधा. गडावरच्या बारादरीपाशी छान वारा असतो. कठड्यापासून लांब उभे राहून काडी लोंबती धरा. नाक वाऱ्याकडे वळेल. मग गोळी शेपटीला लावा, तोल साधून दोरा पुन्हा बांधा. आता ते नाक तितक्याच नेटानं वाऱ्याकडे वळतं का? बघा बरं!